गुडघ्याच्या झिजेसह पाठटेकू व्यायाम-सायकल : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

पाठ टेकून चालवायची व्यायाम-सायकल आमच्या घरी येऊन आता चौदा महिने झाले आहेत, आणि माझ्या उजव्या गुडघ्याचे दुखणे त्याहून बरेच जुने, म्हणजे नऊ वर्षांचे आहे. त्यामुळे या परीक्षणात यंत्राइतकाच गुडघाही येणार, त्याला इलाज नाही. धडधाकट गुडघ्यांच्या माणसांनी लिहिलेली परीक्षणे वाचून मी ही सायकल घेतली होती, आणि त्यांतला निम्मा मजकूर माझ्या उपयोगाचा नव्हता हे सीटवर पहिल्यांदा बसले तेव्हाच ध्यानात आले. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे काही तक्रारी येणार आहेत, हे त्याचे एक कारण. दुसरे असे, की या प्रकारची बहुतेक यंत्रे एकमेकांची सख्खी भावंडे असतात आणि घेण्यापूर्वी तपासायच्या जागा सगळ्यांत त्याच असतात.

आधी गुडघ्याविषयी. क्ष-किरण चित्र पाहून डॉक्टरांनी झीज तिसऱ्या पायरीची असल्याचे सांगितले. केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी १९५७ मध्ये शून्य ते चार अशी जी मोजपट्टी मांडली, तीच अजूनही वापरली जाते. त्यातली तिसरी पायरी म्हणजे दोन हाडांमधली फट स्पष्टपणे अरुंद झालेली असणे. मात्र चित्रातली पायरी आणि प्रत्यक्ष दुखणे यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही. माझ्याहून वाईट चित्र असलेली माणसे बिनतक्रार जिने चढतात आणि बरे चित्र असलेली माणसे खुर्चीतून उठताना कण्हतात. माझे दुखणे मधले आहे. जिना उतरताना वाटीच्या मागे कळ येते, बराच वेळ बसून उठले की पहिली दहा पावले पाय ओढत टाकावी लागतात, आणि थोडेसे जादा चालणे झाले की संध्याकाळी गुडघा भरल्यासारखा जड होतो.

दुखण्यापेक्षा वाईट झाले ते दुखण्यामुळे आलेले बसणे. दुखते म्हणून चालणे कमी केले, चालणे कमी झाले म्हणून मांडीचा स्नायू वाळत गेला, आणि ज्या स्नायूने गुडघ्यावरचा भार झेलायचा तोच वाळल्यावर गुडघा आणखी दुखू लागला. फिजिओथेरपिस्टने वाटीच्या वर पंधरा सेंटिमीटरवर फीत धरून दोन्ही मांड्या मोजल्या, तेव्हा उजवी डावीपेक्षा दोन सेंटिमीटर बारीक भरली. वजन त्याच काळात सहा किलोंनी वाढले होते. ‘वंगण संपले आहे, आता जपून राहा,’ असे सांगणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात, परंतु सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळते ते सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव कूर्चेत मुरतो दाबल्या-सुटल्या जाण्याने, म्हणजे हालचालीने. गुडघा जपायचा तर तो हलवावाच लागतो. प्रश्न असतो तो किती भाराखाली हलवायचा एवढाच.

याच प्रश्नावर सायकलीचे पारडे जड होते. बर्लिनमधील संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यांत मापके बसवून निरनिराळ्या हालचालींत सांध्यावर प्रत्यक्ष किती भार येतो ते मोजले आहे. सपाट जागी चालताना तो शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट, जिना चढताना ३.२ पट आणि उतरताना जवळपास साडेतीन पट भरला. साठ वॉट इतक्या बेताच्या जोराने सायकल चालवताना मात्र तो १.२ पटीच्या आसपास राहिला. चालण्याच्या निम्म्याहून कमी भारात गुडघा मिनिटाला साठ वेळा वाकतो आणि उलगडतो, आणि बसल्यामुळे वजनाचा मोठा वाटा सीटवर जातो. हे आकडे कृत्रिम सांध्यांतले आहेत हे खरे, तरी चालणे आणि जिना यांच्यातला फरक माझा गुडघाही रोज तसाच सांगत होता, म्हणून मी ते मानले.

सायकलच घ्यायची ठरल्यावर उभी की पाठटेकू हा प्रश्न आला. उभ्या सायकलीवर बसायचे तर एका पायावर उभे राहून दुसरा पाय सांगाड्यावरून पलीकडे टाकावा लागतो. वरच्याच मोजणीत नुसते एका पायावर उभे राहण्याचा भारही वजनाच्या अडीच पटींहून अधिक निघाला होता, आणि हे माहीत नसतानाच दुकानातल्या उभ्या सायकलीवर चढताना मी हँडल धरून लटपटले होते. पाठटेकू सायकलीत सीट खुर्चीसारखी असते आणि पुढचा सांगाडा इतका खाली असतो की बाजूने येऊन बसायचे, मग एकेक पाय आत घ्यायचा. पाठीला आधार मिळतो, मनगटांवर भार येत नाही. या यंत्रातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच आहे. दुखऱ्या दिवशीही त्यावर बसायचे धाडस होते, आणि ज्या व्यायामाची सुरुवातच नको वाटते तो व्यायाम महिन्याभरात बंद पडतो हे मी आधी दोनदा अनुभवले आहे.

आता सीटविषयी सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते गुडघेदुखीच्या माणसाने या यंत्राची पारख सीटवरूनच करावी. विक्रेता पडदा दाखवतो, जोराच्या आठ पातळ्या दाखवतो, तयार कार्यक्रम दाखवतो, पण सीट किती टप्प्यांनी पुढेमागे सरकते हे विचारल्याशिवाय सांगत नाही. पॅडल शरीरापासून सर्वांत लांब गेले असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला राहावा, असा सायकलस्वारांचा जुना ठोकताळा आहे. घरी कोन मोजायची सोय नसेल तर टाच पॅडलवर ठेवावी. त्या स्थितीत पाय सरळ होत असेल, तर तळपायाचा चवडा पॅडलवर घेतल्यावर हवा तेवढा बाक आपोआप येतो. पॅडल सर्वांत जवळ येते तेव्हा हाच गुडघा १०५ ते ११० अंशांपर्यंत वाकावा लागतो, आणि झिजलेल्या गुडघ्याची खरी परीक्षा तिथे होते. सीट जितकी जवळ तितका गुडघा अधिक वाकतो आणि वाटी मांडीच्या हाडावर अधिक जोराने दाबली जाते. म्हणून गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागले तर सीट थोडी मागे घ्यावी आणि मागच्या बाजूला, लवणीत, दुखू लागले तर थोडी पुढे आणावी, असा साधा नियम आहे.

आमच्या यंत्रात सीट तिरक्या रुळावर सरकते आणि रुळाला खाचा आहेत. खटका उचलायचा, सीट ढकलायची, खटका खाचेत पडला की झाले. फीत लावून मोजले तेव्हा दोन खाचांमधले अंतर २.८ सेंटिमीटर निघाले. कागदावर ते क्षुल्लक वाटते. माझ्या बाबतीत मात्र सहाव्या खाचेवर पॅडल वर आले की गुडघा अडायचा, आणि तो पुढे न्यायला मी नकळत उजवे ढुंगण उचलायची. सातव्या खाचेवर ती अडचण गेली, परंतु पाय पूर्ण ताणला जाऊन दर फेरीला कंबर एका बाजूला घसरू लागली आणि चौथ्या दिवशी लवणीत ओढ बसली. मला साडेसहावी खाच हवी होती आणि ती कारखान्याने केलीच नव्हती.

उपाय फिजिओने सुचवला, आणि तो यंत्राच्या तुलनेत हास्यास्पद वाटावा इतका साधा होता. सीट सातव्या खाचेवर ठेवायची आणि पाठीमागे दीड सेंटिमीटर जाडीचा कडक फोमचा तुकडा लावायचा. मऊ उशी चालत नाही, कारण ती दबते आणि शरीर फेरीगणिक पुढेमागे होत राहते. तुकडा लावल्या दिवसापासून कंबर स्थिर झाली. मध्यंतरी साफसफाईत तो कुठेतरी गेला आणि ‘एका दिवसाने काय होते’ म्हणून मी सहाव्या खाचेवर तीस मिनिटे सायकल चालवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीच्या मागची जुनी कळ हजर होती. घरात दोघांनी यंत्र वापरायचे असेल तर हाही त्रास लक्षात घ्यावा. दुसऱ्या माणसाने सीट हलवली की आपली खाच पुन्हा शोधावी लागते आणि रुळावर आकडे इतके बारीक कोरलेले आहेत की चष्मा लावून वाकल्याशिवाय दिसत नाहीत. आम्ही दोन रंगांच्या नेलपॉलिशने दोन खुणा केल्या आहेत, मला लाल आणि यजमानांना निळी.

सीटनंतर महत्त्वाचा येतो तो विरोध, म्हणजे पॅडल फिरवताना लागणारा जोर. या यंत्रात तो चुंबकांनी निर्माण होतो. आत एक जड चाक फिरते, त्याच्या कडेजवळ चुंबक असतात, आणि फिरत्या धातूत उमटणाऱ्या विद्युतप्रवाहामुळे चाकाला स्पर्श न होताच अडथळा होतो. पातळी वाढवली की चुंबक चाकाच्या आणखी जवळ सरकतात. घासणारा भाग नसल्याने आवाज फार कमी होतो आणि झीजही होत नाही. जुन्या पद्धतीच्या सायकलीत चाकावर नमद्याची पट्टी घासते, ती काही महिन्यांत गुळगुळीत होते आणि मग विरोध धक्के देत येतो, जो दुखऱ्या गुडघ्याला अजिबात मानवत नाही. चाक पुरेसे जड असणेही आवश्यक आहे, कारण पॅडल वरच्या टोकावरून पुढे जाते तेव्हा पायाचा जोर अगदी कमी पडतो आणि त्या क्षणी चाकाचा वेगच पाय पुढे नेतो. हलक्या चाकाच्या यंत्रात तिथे बारीक झटका बसतो. निरोगी माणसाला तो जाणवतही नाही, मला तो दातात खडा आल्यासारखा जाणवतो.

जाहिरातीत सर्वांत वरची पातळी किती हे मोठ्या अक्षरांत असते, परंतु गुडघेदुखीच्या माणसाने सर्वांत खालची पातळी किती हलकी आहे ते पाहावे. आमच्या यंत्राची पहिली पातळी खरोखर हलकी आहे आणि त्यासाठी मी त्याला पुरे गुण देते. पहिले तीन आठवडे मी त्या पातळीवरून हलले नाही. दुसरीवर जाणे सुखाचे गेले. तिसरीवरून चौथीवर मात्र एकदम उडी आहे, जणू मधली एक पातळी कोणी गाळली असावी, आणि आजही मी चौथीवर दोन मिनिटांपेक्षा जास्त राहत नाही. तेवढेच काम कमी जोराने व्हावे असे वाटत असेल तर वेग वाढवून पातळी उतरवावी, कारण दर मिनिटाला होणारे काम म्हणजे जोर आणि वेग यांचा गुणाकार असतो. मी मिनिटाला साठ ते सत्तर फेऱ्या ठेवते. चुंबकी यंत्रात एक खोच अशी आहे की पातळी तीच ठेवून नुसता वेग वाढवला तर अडथळाही वाढतो, त्यामुळे आधी पातळी खाली घ्यायची आणि मगच पाय भरभर चालवायचे. हे माहिती-पुस्तिकेत कुठेही लिहिलेले नाही.

किती दुखले तर थांबायचे, या प्रश्नाचे उत्तरही पुस्तिकेत नाही. तिच्यात ‘वेदना झाल्यास व्यायाम तात्काळ थांबवावा’ असे एक वाक्य आहे, आणि ते शब्दशः पाळायचे तर माझ्यासारखीने सायकलीवर बसायलाच नको. डेन्मार्कमध्ये २०१३ साली गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी ‘ग्लॅड’ नावाचा व्यायाम-उपक्रम सुरू झाला. त्यात वापरला जाणारा नियम मला फिजिओने शिकवला. दुखणे शून्य ते दहा असे मनाशी मोजावे, दोनपर्यंत निर्धास्त राहावे, पाचपर्यंत चालू शकते, त्यापुढे गेले तर जास्त झाले असे समजावे, आणि वाढलेले दुखणे चोवीस तासांत नेहमीच्या पातळीवर उतरले पाहिजे. न उतरल्यास पुढच्या वेळी वेळ किंवा जोर कमी करायचा, व्यायाम सोडायचा नाही. या नियमाने माझी भीती गेली, आणि भीती जाण्याचा उपयोग मला कोणत्याही मलमापेक्षा अधिक झाला.

सुरुवात सहा मिनिटांची होती, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. दर आठवड्याला दोन मिनिटे वाढवायची असे ठरवले होते, प्रत्यक्षात पाचव्या आठवड्यात गुडघा सुजला आणि पुन्हा आठ मिनिटांवर यावे लागले. आज मी आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटे चालवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, त्याची खालची मर्यादा माझ्याकडून जेमतेम गाठली जाते. मात्र त्याच मार्गदर्शनात आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करण्याचा व्यायाम आणि वयस्करांसाठी तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव सांगितलेला आहे, आणि तिथे सायकलीचा उपयोग नाही. बसून चालवल्यामुळे शरीराचे वजन हाडांवर येत नाही, म्हणून हाडांच्या बळकटीलाही ती पुरत नाही. खुब्याच्या बाजूचे स्नायू, जे चालताना गुडघा आत कलू देत नाहीत, सायकलीवर जवळजवळ स्वस्थ बसलेले असतात. त्यासाठी मी कुशीवर झोपून पाय उचलते, खुर्चीतून हात न टेकता उठण्याच्या दहा फेऱ्या करते आणि ओट्याला धरून एका पायावर उभी राहते. ‘हे एकच यंत्र संपूर्ण शरीराला पुरे’ असे खोक्यावर छापले आहे. ते मनावर घेऊ नये.

पडद्याविषयी थोडक्यात लिहिते. त्यावर वेळ, वेग, अंतर, उष्मांक आणि नाडीचे ठोके दिसतात. यंत्र माझे वजन विचारत नाही, वयही विचारत नाही, तरी उष्मांक मात्र बिनदिक्कत सांगते. यजमान आणि मी सारख्याच पातळीवर सारखाच वेळ चालवली तर दोघांनाही तोच आकडा मिळतो, त्यांचे वजन माझ्या दीडपट असूनही. नाडीचे ठोके मोजण्यासाठी सीटच्या दोन्ही बाजूंच्या मुठींवर धातूच्या पट्ट्या आहेत. हात घामेजले की आकडा उड्या मारतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, ठोके मुळातच वाढू देत नाहीत, त्यामुळे त्या घेणाऱ्याने अशा आकड्यावर श्रम ठरवू नयेत. त्यापेक्षा बोलून पाहावे. पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत धाप लागली की श्रम मध्यम आहेत असे समजावे. मी पडद्यावर टॉवेल टाकून ठेवते आणि वेळ भिंतीवरच्या घड्याळात पाहते.

आता सर्वांत मोठी तक्रार. यंत्र जोडायला आलेल्या कारागिराने डावे पॅडल बसवताना बराच वेळ झटापट केली आणि शेवटी पान्याने जोर लावून ते घट्ट केले. सायकलीच्या डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने आवळायचे असते. चालवताना ते आपोआप सैल होऊ नये म्हणून ही रचना पूर्वापार चालत आली आहे. घाईत त्याने ते सरळ आट्यांसारखे दामटले असावे, कारण तीन आठवड्यांनी टक-टक असा आवाज येऊ लागला आणि मला तो गुडघ्याचाच वाटला. माझ्या गुडघ्यातून असे आवाज येतातच, त्यामुळे मी यंत्राकडे पाहिलेही नाही. डावा पाय तर माझा चांगला पाय होता, त्याच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखू लागले तेव्हा मी घाबरले की आता याचीही पाळी आली. अखेर एके दिवशी यजमानांनी मागे उभे राहून पाहिले आणि विचारले, ‘अगं, तुझा डावा तळपाय असा तिरका का पडतोय?’ पॅडल ज्यावर बसते त्या दांड्याशी ते काटकोनात राहिले नव्हते. ते बाहेरच्या बाजूला कलले होते आणि दर फेरीला गुडघ्याला पीळ बसत होता. पॅडल काढले तर दांड्याच्या भोकातून चकचकीत धातूचा चुरा पडला. आटे संपूर्ण खाल्ले गेले होते.

कंपनीने सुरुवातीला ‘वापरातली चूक’ असे उत्तर दिले. फोटो पाठवले, कारागिराच्या भेटीची तारीख कळवली, चार वेळा फोन केले, आणि सहा आठवड्यांनी नवा दांडा मिळाला. तेवढे दिवस यंत्र उभे होते आणि उजव्या गुडघ्याचा कडकपणा दुसऱ्याच आठवड्यात परत आला. दांडा बदलायला आलेला दुसरा कारागीर जाणता होता. त्याने पॅडल आधी बोटांनीच चार-पाच आटे आत नेले आणि म्हणाला, ‘हाताने गेले नाही तर पाना लावायचाच नाही, काकू.’ डाव्या-उजव्या पॅडलवर एल आणि आर अशी अक्षरे कोरलेली असतात. जोडणी आपल्यासमोर करून घ्यावी, आणि पहिल्या महिन्यात नवे काही दुखू लागले तर गुडघ्याला दोष देण्याआधी पॅडल हाताने हलवून पाहावे.

किरकोळ गोष्टींत, पॅडलवरचे पट्टे रबरी असून ते अडकवायला वाकावे लागते, त्याऐवजी चिकटपट्टीचे हवे होते. यंत्र दीड मीटरहून लांब आहे आणि ‘चाकांमुळे सहज हलते’ हे खरे असले तरी ते हलवण्यासाठी मागची बाजू कमरेपर्यंत उचलावी लागते, जे आमच्या घरात फक्त एकालाच जमते. सीटचे कापड गरम होत नाही, शिवण अजून शाबूत आहे.

या निमित्ताने वाचनात आलेली एक गंमत सांगते. व्यायाम-सायकलीची पणजी म्हणावी असे ‘जिम्नॅस्टिकॉन’ नावाचे लाकडी यंत्र फ्रान्सिस लाउंड्स यांनी इंग्लंडमध्ये १७९६ मध्ये पेटंट केले होते, आणि ते मुळात दुखऱ्या, आखडलेल्या सांध्यांसाठीच होते. पडदा आणि उष्मांक पुढे केव्हातरी आले.

फायदा काय झाला, याचे उत्तर आकड्यांत देता येईल तेवढे देते. मांडीतला फरक दोन सेंटिमीटरवरून एकावर आला. वजन चार किलोंनी उतरले, त्यात जेवणातल्या बदलाचा वाटा सायकलीपेक्षा मोठा आहे हे मान्य करते. वजनाचा आणि गुडघ्याचा हिशेब व्याजासारखा चालतो. झीज असलेल्या वजनदार माणसांच्या चालण्याच्या अभ्यासात एक किलो उतरले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो असे आढळले आहे. जिना चढणे सुधारले, उतरताना कठडा अजूनही धरावा लागतो. बसून उठल्यावरची पाय ओढण्याची दहा पावले तीन-चारांवर आली. क्ष-किरण चित्र होते तसेच आहे, आणि ते बदलावे अशी माझी अपेक्षाही नव्हती.

ज्यांचा गुडघा १०५ अंशांपर्यंतही वाकत नाही त्यांनी हे यंत्र घेण्याआधी फिजिओकडे वाकणे मोजून घ्यावे, अन्यथा पॅडलची फेरीच पूर्ण होणार नाही. अशांना खुर्चीसमोर ठेवायची छोटी पॅडल-पेटी सुरुवातीला सोयीची पडते, कारण तिचा दांडा आखूड असल्याने गुडघा कमी वाकावा लागतो, फक्त ती गुळगुळीत फरशीवर पुढे सरकत जाते. गुडघा गरम, लाल आणि सुजलेला असेल, मध्येच अडकून बसत असेल, किंवा पोटरी अचानक सुजून दुखत असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. पोटरीच्या सुजेमागे शिरेत झालेली रक्ताची गाठ असू शकते, तिथे वाट पाहू नये. शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी आपल्या शल्यविशारदाचेच ऐकावे.

घ्यायला जाताना रोज घालता तेच बूट घालून जावे, सोबत मोजायची फीत न्यावी, दुकानात उभ्याउभ्या पॅडल फिरवून न पाहता सीटवर बसून किमान दहा मिनिटे पहिल्या पातळीवर चालवावी आणि त्या वेळात सीट दोनदा तरी हलवून पाहावी. विक्रेता कंटाळतो, त्याला कंटाळू द्यावे. खाचांऐवजी रुळावर कुठेही घट्ट करता येणारी सीट मिळाली तर थोडी अधिक किंमत मोजूनही तीच घ्यावी, असे मला आज वाटते. माझ्या यंत्राला मी पाचांपैकी साडेतीन गुण देते. एक गुण त्या २.८ सेंटिमीटरांसाठी कापला आहे आणि अर्धा डाव्या पॅडलच्या सहा आठवड्यांसाठी. पाठीमागचा फोम चौदा महिन्यांत दबून सेंटिमीटरभर राहिला आहे, गेल्या आठवड्यापासून पाय लांब जाताना लवणीत पुन्हा किंचित ओढ जाणवते, तेव्हा या रविवारी नवा तुकडा कापून लावायचा आहे.